फोनही पळाला पाहिजे आणि माहितीही आपल्याकडंच राहिली पाहिजे: व्हॉट्सॲप, फेसबुक, टेलिग्रामची सेटिंग नव्यानं लावणाऱ्यांसाठी

"प्रायव्हसीच्या सेटिंग लावल्या की फोन स्लो होतो म्हणे, खरं का हो?" हा प्रश्न मला आमच्या द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर येतो, सोसायटीच्या ग्रुपवर येतो, लग्नात पंगतीला शेजारी बसलेला माणूससुद्धा विचारतो, कारण पाहुण्यारावळ्यांतले बरेचसे फोन माझ्याच हाताखालून गेलेत. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय, म्हणजे परत कुणी विचारलं की हेच पाठवून द्यायचं.

आधी उत्तर सांगतो. बहुतेक सेटिंग अशा आहेत की लावल्या की माहितीपण वाचते आणि फोनपण हलका होतो, म्हणजे दोन्हीकडून फायदाच. एक पाहिजे असेल तर दुसरं सोडा, असा खरा प्रकार मोजक्या ठिकाणी आहे: कॉल, बॅकअप, टेलिग्राम आणि नोटिफिकेशन. तिथं सगळ्यांना एकच उत्तर चालत नाही, आपलं काम काय आहे ते बघून ठरवायचं. म्हणून आधी फुकटातले फायदे घेऊ आणि मग किंमत मोजायच्या जागा बघू.

अँड्रॉइड फोन धरून लिहितोय, आपल्याकडं सांगली-मिरजेत तेच जास्त. मेन्यूची नावं इंग्रजी फोनमध्ये दिसतात तशी दिलीत. कंपनीप्रमाणं थोडीफार इकडंतिकडं असतील, नाही सापडलं तर सेटिंग्जमध्ये वर भिंगाचं चिन्ह असतं तिथं शोधा.

बसण्याआधी काय जवळ पाहिजे

– फोन निम्म्याच्या वर चार्ज आणि शक्यतो वायफाय
– ज्या नंबरवर व्हॉट्सॲप आहे ते सिम त्याच फोनमध्ये, ओटीपी येईल असं
– गुगल अकाउंटचा ईमेल आणि पासवर्ड (मुलानं दुकानात काढून दिला होता, मला माहीत नाही, असं असेल तर आधी हेच सोडवा)
– एक वही, पिन आणि पासवर्ड लिहायला. हो, कागदाचीच वही, आणि ती घरात कपाटात. फोनच्या नोट्समध्ये नाही आणि स्वतःलाच व्हॉट्सॲप करून तर अजिबात नाही
– पेनड्राइव्ह किंवा घरातला कॉम्प्युटर, जुने फोटो काढून ठेवायला

१. आधी बघा फोन नेमका कशानं अडतोय

लोक थेट म्हणतात "व्हॉट्सॲपनं हँग होतोय". बऱ्याचदा कारण एवढंच असतं की स्टोरेज गच्च भरलेलं असतं. व्हॉट्सॲप उघडा, सेटिंग्ज, स्टोरेज अँड डेटा, मॅनेज स्टोरेज. तिथं वर दोन डबे दिसतात, एक पाच एमबीपेक्षा मोठ्या फाइलींचा आणि दुसरा खूप वेळा फॉरवर्ड झालेल्यांचा. दुसरा उघडा आणि बघा. सूर्यफुलावर शुभ सकाळ, गणपतीवर शुभ सकाळ, चहाच्या कपावर शुभ सकाळ, मध्येच कुठल्यातरी अपघाताचा व्हिडिओ, आणि एकच भाषण चार ग्रुपवरनं आलेलं. हा डबा बघून बघून मोकळा करून टाका. पहिल्या डब्यात मात्र घाई करू नका, पोराच्या बारशाचा व्हिडिओ त्यातच असतो.

ॲपची कॅशे (ॲपनं तात्पुरती साठवून ठेवलेली माहिती) साफ करायची असेल तर फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्स, व्हॉट्सॲप, स्टोरेज इथं 'क्लिअर कॅशे' असतं. त्याच्या शेजारीच 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' असतं, त्याला हात लावायचा नाही. ते दाबलं की ॲप नव्यानं टाकल्यासारखं होतं, परत नंबर टाका, परत ओटीपी, आणि बॅकअप नसेल तर बोंबला.

२. ऑटो-डाउनलोड बंद

सगळ्यात मोठा फुकटचा फायदा इथं. स्टोरेज अँड डेटामध्येच मीडिया ऑटो-डाउनलोड आहे. मोबाइल डेटा, वायफाय आणि रोमिंग असे तीन कप्पे आहेत, तिन्हीतल्या सगळ्या टिका काढा. फोटो अंधुक दिसेल, पाहिजे असेल तर बोट लावायचं. नेट वाचतं, जागा वाचते, चार्जिंगही थोडं वाचतं.

आणि प्रायव्हसीचा काय संबंध? आपोआप उतरलेला फोटो गॅलरीत जाऊन बसतो. गॅलरीची परमिशन तुम्ही आणखी कुठकुठल्या ॲपला दिलीय आठवतंय का? कर्ज देणारं ॲप, फोटोला फुलं लावणारं ॲप, पोरानं टाकलेला गेम, ही सगळी मंडळी तिथं डोकावू शकतात. म्हणून चॅट्समध्ये 'मीडिया व्हिजिबिलिटी' पण बंद करा, म्हणजे फोटो व्हॉट्सॲपमध्ये दिसतील, गॅलरीत येणार नाहीत. अँड्रॉइड १४ पासून ॲपला सगळी गॅलरी न देता फक्त निवडलेले फोटो द्यायची सोय आहे, ॲपनं ती परमिशन मागितली की तोच पर्याय घ्या.

एक अडचण सांगून ठेवतो. कामाची फाइल, म्हणजे बिल, रिपोर्ट, सातबारा वगैरे आली की लगेच डाउनलोड करा. बरेच दिवस तशीच ठेवली तर ती सर्व्हरवरनं निघून जाते आणि मग समोरच्याला परत पाठवा म्हणून फोन करत बसावं लागतं.

फेसबुक-इन्स्टामध्ये हेच काम व्हिडिओ आपोआप सुरू होणं बंद करून होतं. फेसबुकच्या सेटिंग्जमध्ये 'मीडिया' आहे, इन्स्टामध्ये डेटा वापराच्या सेटिंगमध्ये डेटा सेव्हर. एवढ्यानं दीड जीबीचं पॅक संध्याकाळपर्यंत टिकायला लागतं.

३. कॉन्टॅक्ट: इथं जरा थांबा

याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण इथं प्रश्न फक्त तुमच्या माहितीचा नाही, दुसऱ्यांच्या माहितीचा आहे.

नवीन ॲप टाकलं की पहिलं विचारतं, कॉन्टॅक्ट देता का? आपण अलाउ दाबतो. त्यानंतर तुमच्या फोनमधले नंबर कंपनीच्या सर्व्हरवर जातात, तिथं जुळवणी होते की यातले कोण कोण आधीपासून आमच्याकडं आहेत. ज्यांनी ते ॲप आयुष्यात कधी वापरलं नाही त्यांचे नंबरसुद्धा जातात. आता गणपती पेठेतला एखादा दुकानदार घ्या, त्याच्या फोनमध्ये गिऱ्हाइकांची नावं कशी सेव्ह असतात? 'पाटील उधारी', 'शिंदे चेक बाऊन्स'. किंवा एखादी नर्सबाई, जिच्याकडं पेशंटचे नंबर आजाराच्या नावासकट आहेत. फेसबुकला कॉन्टॅक्ट अपलोड चालू ठेवलं की नंबराबरोबर ही नावंपण जातात. मग त्या 'पाटील उधारी'ला तुमच्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचं प्रोफाइल 'ओळखीचे असतील' म्हणून दिसलं तर नवल वाटून घेऊ नका.

कुणी म्हणेल की नंबर सरळ पाठवत नाहीत, हॅश करून पाठवतात. म्हणजे नंबराचं गणित करून त्याची एक गोंधळलेली खूण बनवायची आणि ती पाठवायची. ऐकायला बरं वाटतं, पण आपले मोबाइल नंबर दहा आकडी आणि सुरुवात ६, ७, ८ किंवा ९ नं, म्हणजे सगळे मिळून ४०० कोटीच होऊ शकतात. एवढ्या सगळ्यांच्या खुणा काढून जुळवून बघायला आजच्या कॉम्प्युटरला काहीच वाटत नाही. म्हणूनच सिग्नल नावाच्या मेसेज ॲपवाल्यांनी नुसत्या हॅशवर न थांबता सर्व्हरमध्ये वेगळा बंदिस्त भाग वापरून जुळवणी करायची पद्धत २०१७ साली आणली. त्यात सर्व्हरला काम जास्त पडतं, पण नंबर कंपनीलाही वाचता येत नाहीत.

तर करायचं काय:

व्हॉट्सॲपला कॉन्टॅक्ट द्या, त्याच्याशिवाय नावंच दिसत नाहीत आणि रोजच्या वापरात वैताग येतो. फेसबुक, इन्स्टा, स्नॅपचॅटला देऊ नका, तिथं काही अडत नाही. आधीच दिलं असेल तर फेसबुकमध्ये अकाउंट्स सेंटर, 'युवर इन्फर्मेशन अँड परमिशन्स', 'अपलोड कॉन्टॅक्ट्स' इथं बंद करा आणि आधी गेलेले नंबर काढून टाकायचा पर्याय दिसला तर तोही वापरा. टेलिग्राममध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटीत खाली 'सिंक कॉन्टॅक्ट्स' बंद करा आणि 'डिलीट सिंक्ड कॉन्टॅक्ट्स' दाबा. आयफोन असेल तर आयओएस १८ पासून ॲपला निवडक कॉन्टॅक्टच देता येतात, ती सोय चांगली आहे.

फोनला काय फायदा? हजारभर नंबर सारखे सारखे जुळवायचं काम बॅकग्राउंडला थांबतं. जुन्या फोनला तेवढंच बरं.

अकाउंट्स सेंटरमध्ये आहातच तर तिथं 'युवर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' पण बघून घ्या (मेटा म्हणजे फेसबुक, इन्स्टा, व्हॉट्सॲपची मालक कंपनी). दुसऱ्या वेबसाइटी आणि ॲप तुमच्याबद्दल फेसबुकला काय काय कळवतात त्याची यादी तिथं निघते. २०२० पासून ही सोय सगळ्यांना आहे आणि आपल्याकडं फार थोड्यांनी उघडून बघितलीय. आधीचं क्लिअर करा, पुढचं डिसकनेक्ट करा. फक्त एक, कुठल्या ॲपला तुम्ही 'लॉगिन विथ फेसबुक' करून शिरत असाल तर ते अडेल, म्हणून आधी तिथं ईमेलचा पासवर्ड तयार करून ठेवा.

४. लोकेशन

फोनच्या सेटिंग्जमध्ये लोकेशन, ॲप परमिशन्स. यादी येईल. 'अलाउड ऑल द टाइम' खाली जे कोण बसलेत त्यांना एकेक करून 'व्हाइल यूजिंग' वर आणा. फेसबुक-इन्स्टाला तर 'डोन्ट अलाउ' केलं तरी चालतं.

अँड्रॉइड १२ पासून 'प्रिसाइज लोकेशन'चं वेगळं बटण आहे. ते बंद केलं की ॲपला साधारण तीन चौरस किलोमीटरचा अंदाज मिळतो. म्हणजे तुम्ही विश्रामबागेत आहात एवढं कळेल, कुठल्या बिल्डिंगमध्ये ते नाही. बातम्या आणि हवामानाला तेवढं पुरतं. पावसाचा अंदाज कुपवाडला वेगळा आणि विश्रामबागेला वेगळा, इतकं बारीक कुणी सांगत नाही. रिक्षा-टॅक्सी आणि नकाशाच्या ॲपला मात्र प्रिसाइज लागतंच, नाहीतर गाडीवाला पुष्कराज चौकात आणि तुम्ही मारुती चौकात.

सारखं जीपीएस चालू राहणं थांबलं की बॅटरी टिकते, म्हणजे इथंही दोन्हीकडून फायदाच.

५. पानाचा फोटो आणि बागेचा पत्ता

हे खास आपल्या बागायतदारांसाठी. तासगाव, पलूस, कवठेमहांकाळकडची मंडळी डाऊनीचे डाग किंवा भुरी, हे द्राक्षावरचे रोग, सल्लागाराला दाखवायला पानाचा फोटो पाठवतात. साधा पाठवला की व्हॉट्सॲप तो दाबून लहान करतं आणि बारीक डाग दिसत नाहीत. मग कुणीतरी शिकवतं, डॉक्युमेंट म्हणून पाठव, जसाच्या तसा जातो. बरोबर आहे, पण जसाच्या तसा म्हणजे फोटोच्या पोटात लपलेली माहितीपण जाते: कुठल्या फोननं काढला, किती वाजता, आणि कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर बागेचे अक्षांश-रेखांश. साधा फोटो पाठवताना ही लोकेशन गळून पडते, डॉक्युमेंटमध्ये नाही. सल्लागाराला गेलं तर बिघडत नाही, पण तोच फोटो पाचशे जणांच्या ग्रुपवर टाकला तर कुणाच्या बागेत काय रोग आलाय हे माल बघायला येणाऱ्या दलालालाही कळणार.

मधला मार्ग सोपा आहे. कॅमेरा उघडा, त्याच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन टॅग' किंवा 'सेव्ह लोकेशन' बंद करा. पाठवताना वर 'एचडी' असं बटण येतं, ते दाबा. पानावरचा डाग बघायला तेवढं बहुतेकदा पुरतं आणि फाइलही मूळ फोटोपेक्षा लहान जाते, शेतात रेंज एक काडी असते तिथं हे लक्षात येतं.

६. कॉल: इथं किंमत मोजावी लागते

व्हॉट्सॲपचा कॉल शक्य असेल तिथं दोन फोनमध्ये थेट जोडला जातो. आवाज पटकन पोचतो, पण थेट जोडणीत तुमचा आयपी ॲड्रेस (नेटवरचा तुमच्या जोडणीचा पत्ता) समोरच्याच्या फोनपर्यंत जातो आणि त्यावरनं तुम्ही साधारण कुठल्या भागात, कुठल्या कंपनीच्या नेटवर आहात एवढं कळू शकतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉट्सॲपनं प्रायव्हसी, ॲडव्हान्स्ड इथं 'प्रोटेक्ट आयपी ॲड्रेस इन कॉल्स' दिलं. ते चालू केलं की कॉल कंपनीच्या सर्व्हरवरनं फिरून जातो. आयपी लपतो, पण आवाज थोडा मागं पडू शकतो आणि व्हिडिओ अडखळू शकतो. बोलणं एन्क्रिप्टेड म्हणजे कुलूपबंद असतंच, सर्व्हरला ऐकू येत नाही.

टेलिग्राममध्ये हेच 'पीअर-टू-पीअर' नावानं आहे (एव्हरीबडी, माय कॉन्टॅक्ट्स, नोबडी अशा धाटणीचे पर्याय), सिग्नलमध्ये 'ऑलवेज रिले कॉल्स'.

माझं मत विचाराल तर, घरच्यांशीच बोलत असाल, पोरगा पुण्यात आणि तुम्ही इकडं, तर हे बंद राहू द्या, आवाज नीट यावा हे जास्त महत्त्वाचं. ओएलएक्सवर जुनी गाडी विकताय, अनोळखी लोकांचे व्हॉट्सॲप कॉल येतायत, कुणी त्रास देतंय, कुठली बाई घर सोडून वेगळी राहतेय, तिथं चालू करा आणि आवाजाची थोडी तक्रार सोसा. टेलिग्रामला 'माय कॉन्टॅक्ट्स' हा मधला पर्याय मला सगळ्यात शहाणपणाचा वाटतो, ओळखीच्यांना थेट, बाकीच्यांना फिरवून. आणि 'सायलेन्स अननोन कॉलर्स' मात्र सगळ्यांनीच चालू करा, अनोळखी व्हॉट्सॲप कॉल वाजणारच नाहीत, नोंद तेवढी दिसेल.

७. बॅकअप: सगळ्यात जास्त रडारड इथंच

व्हॉट्सॲपचे मेसेज एप्रिल २०१६ पासून एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहेत, म्हणजे तुमचा फोन आणि समोरचा फोन सोडून मध्ये कुणाला वाचता येत नाही. ह्यानं फोन स्लो होतो ही समजूत डोक्यातनं काढा. हे गणित करायची सोय हल्लीच्या प्रोसेसरमध्ये आतच असते, जाणवतसुद्धा नाही.

पण गुगल ड्राइव्हवर जो बॅकअप जातो तो आपोआप असा बंद नसतो. त्यासाठी चॅट्स, चॅट बॅकअप, 'एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअप' हे वेगळं चालू करावं लागतं. ऑक्टोबर २०२१ पासून आहे. पासवर्ड ठेवा किंवा ६४ अंकी किल्ली घ्या. आणि हा पासवर्ड विसरलात, फोनही गेला, तर बॅकअप गेला. कंपनी परत देऊ शकत नाही, कारण तो तिलाही माहीत नसतो. म्हणून तर वही आणायला सांगितली.

आता कुणी लावावा? घरातले म्हातारे आईवडील, ज्यांना पासवर्ड राहत नाही आणि बॅकअपमध्ये गेलेल्या माणसांचे आवाज आहेत, त्यांच्या फोनवर मी हे लावत नाही, गुगल अकाउंटला टू-स्टेप लावतो आणि सोडतो. वकील, डॉक्टर, सीए, पत्रकार, किंवा ज्यांच्या चॅटमध्ये दुसऱ्यांची कागदं आहेत, त्यांनी लावलाच पाहिजे.

जागेचंही बघा. २०२४ पासून अँड्रॉइडवर हा बॅकअप गुगलच्या फुकट १५ जीबीत धरला जातो. १५ जीबी भरलं की बॅकअप अडतो आणि जीमेलपण यायचं बंद होतं. बॅकअपमधून व्हिडिओ वगळा, आठवड्यातून एकदा, फक्त वायफायवर. रोज रात्री बॅकअप घ्यायला आपण काय बँक चालवत नाही.

हे करतानाच अकाउंटमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा अंकी पिन लावा, ईमेलही जोडा. जन्मसाल आणि गाडीचा नंबर सोडून दुसरं काहीतरी.

८. टेलिग्राम एवढं फास्ट का

नवीन फोनमध्ये टेलिग्राम टाकलं की दोन मिनिटांत सगळे जुने मेसेज हजर, पाच वर्षांपूर्वीचं पीडीएफ शोधलं तर लगेच सापडतं. कारण तुमचे सगळे साधे चॅट त्यांच्या सर्व्हरवर आहेत आणि किल्ल्याही त्यांच्याकडंच. एंड-टू-एंड पाहिजे असेल तर 'सीक्रेट चॅट' वेगळा सुरू करावा लागतो. तो दोघांतच होतो, ग्रुपला नाही, आणि ज्या फोनवर सुरू केला त्याच फोनवर राहतो. म्हणजे वेग आणि सोय पाहिजे तर गुप्तता सोडा, असा सरळ सौदा आहे. एमपीएससीच्या नोट्स, सरकारी जीआर, बाजारभाव यांना टेलिग्राम उत्तम. आधार, पॅन, बँकेचं पासबुक, घरातली भांडणं तिथं नकोत.

व्हॉट्सॲपमध्ये मजकूर लपतो पण तुम्ही कुणाशी, कधी, किती वेळा बोलता ही माहिती कंपनीकडं असते. २०२१ च्या प्रायव्हसी पॉलिसीवरनं भारतीय स्पर्धा आयोगानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३.१४ कोटींचा दंड लावला तो व्हॉट्सॲपची माहिती मेटाच्याच बाकीच्या कंपन्यांबरोबर वाटण्याच्या प्रकरणात. आणि ते निळं गोल चिन्ह, मेटा एआय, त्याला विचारलेलं हे दोघांतलं खासगी बोलणं नसतं, ते कंपनीकडंच जातं. ब्लड रिपोर्ट टाकून काय झालंय विचारू नका.

सिग्नल सगळ्यात चांगलं, पण आपल्या ओळखीचे त्याच्यावर आहेत कुठं? हाच त्याचा दोष.

९. लास्ट सीन, ग्रुप, लिंक्ड डिव्हाइस

पटकन उरकतो. लास्ट सीन, प्रोफाइल फोटो, अबाउट: 'माय कॉन्टॅक्ट्स'. ग्रुप्स: 'माय कॉन्टॅक्ट्स', म्हणजे औषधवाले आणि शेअर मार्केटवाले परस्पर ग्रुपात ओढणार नाहीत. ब्लू टिक बंद केलीत तर दुसऱ्याचीही दिसणार नाही, आणि ग्रुपमध्ये ती बंद होतच नाही.

लिंक्ड डिव्हाइसेस मात्र नीट बघा. झेरॉक्सच्या दुकानात आधार काढायला म्हणून तिथल्या कॉम्प्युटरवर व्हॉट्सॲप वेब लावलेलं असतं आणि तसंच राहतं, तुमचे मेसेज तिथं दिसत राहतात. यादीतलं अनोळखी नाव दाबा, लॉग आउट. झेरॉक्सला द्यायचंच असेल तर मास्क्ड आधार काढून ठेवा, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

तुम्ही ॲडमिन असाल आणि नुसते भाव किंवा सूचनाच टाकत असाल तर ग्रुपऐवजी चॅनेल काढा. चॅनेलमध्ये एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि 'नमस्कार', 'धन्यवाद'चा पूरही येत नाही. ते एंड-टू-एंड नसतं, पण बेदाण्याचा दर लपवायचाय कुणापासून.

१०. सापळे

जीबी व्हॉट्सॲप आणि तसली नकली ॲप: डिलीट केलेले मेसेज दिसतात म्हणून पोरं टाकतात. सगळे मेसेज कुणा अनोळखी माणसानं बनवलेल्या ॲपमधनं जातात, आणि नंबर बॅन होतो तो वेगळाच.

रॅम बूस्टर, क्लीनर: फोन फास्ट करतो म्हणून स्वतःच दिवसभर चालू राहतात, वर जाहिराती आणि नको तेवढ्या परमिशन.

फुकट व्हीपीएन, म्हणजे तुमचं नेट दुसऱ्याच्या सर्व्हरवरनं फिरवणारं ॲप: नेट स्लो होतं ते होतंच, आणि तुमचा सगळा ट्रॅफिक एका अनोळखी कंपनीच्या हातात.

एपीके: लग्नपत्रिका, आरटीओ चलान, पीएम किसान अशा नावानं येणारी, शेवटी .एपीके असणारी फाइल. ओळखीच्या नंबरवरनं आली तरी उघडायची नाही, त्याचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो आणि तिथनंच सगळ्यांना जाते. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ॲप नसते. चुकून उघडली आणि पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन लावा, उद्या बघू म्हणू नका, पहिल्या काही तासांत पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

११. बॅकग्राउंड बंद करताना पावसाळा लक्षात ठेवा

ही सेटिंग शेवटी ठेवली कारण उत्साहात लोक इथंच जास्ती करतात. सेटिंग्ज, ॲप्स, ॲप निवडा, बॅटरी. तिथं 'अनरिस्ट्रिक्टेड', 'ऑप्टिमाइज्ड' आणि 'रिस्ट्रिक्टेड' असतं. फेसबुक, इन्स्टा, शॉपिंगची ॲप 'रिस्ट्रिक्टेड' करा, ती मागं काही करत नाहीत, माहितीही कमी गोळा करतात आणि बॅटरी संध्याकाळपर्यंत टिकते. फेसबुक क्वचितच बघत असाल तर ॲप काढूनच टाका आणि क्रोममध्ये उघडा, थोडं सावकाश चालेल पण तिथनं त्याला कॉन्टॅक्ट मिळत नाहीत. फेसबुक लाइट जुन्या फोनला हलकं पडतं हे खरं, पण माहितीच्या बाबतीत त्यात वेगळं काही नाही, अकाउंट तेच.

व्हॉट्सॲपला 'रिस्ट्रिक्टेड' करू नका. मेसेज ॲप उघडल्यावरच येतात, आणि मग शाळेतनं निरोप आला होता, हॉस्पिटलमधनं आला होता, कळलंच नाही, असं होतं. काही चायनीज कंपन्यांच्या फोनमध्ये 'ऑटोस्टार्ट' वेगळं असतं, तिथंही व्हॉट्सॲपला परवानगी पाहिजे.

आणि कृष्णेचं पाणी चढायला लागलं की सगळा हिशोब बदलतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांच्या घरात गेलेलं सगळ्यांनी बघितलंय. गावभागात, नदीकाठच्या गावांत राहणाऱ्यांनी पाणी ४० कडं चाललं की हे करून ठेवा: व्हॉट्सॲप 'अनरिस्ट्रिक्टेड', फक्त कामाचा एक ग्रुप आवाजावर, बाकी सगळे म्यूट. फोनचं लोकेशन चालू, प्रिसाइज सकट. बॅकअप बंद, ऑटो-डाउनलोड बंदच, कारण लाइट गेली की पॉवरबँकचं चार्जिंग पुराच्या व्हिडिओंत घालवायचं नाही. सुटका करायला येणाऱ्यांना 'करंट लोकेशन' एकदा पाठवा, घरातच अडकून बसला असाल तर लाइव्ह लोकेशन आठ तास लावून काही उपयोग नाही, बॅटरी खातं. बोटीनं किंवा ट्रॅक्टरनं निघालात की मग पंधरा मिनिटांचं किंवा तासाचं लाइव्ह घरच्यांना द्या. आणि लोकेशन पाचशे जणांच्या ग्रुपवर टाकू नका, घर रिकामं आहे हे सगळ्या गावाला सांगितल्यासारखं होतं. मदत करणाऱ्याच्या नंबरवर थेट पाठवा.

पाणी उतरलं की प्रिसाइज परत बंद, बॅकअप परत चालू, ग्रुपांचं म्यूट हवं असेल तर काढा. नाही काढलं तरी चालतंय.